पदराचं ओलं टोक

माझ्या आत्याला मी माफ करणार नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचता वाचता कुणाला वाटायचं, शेवटी दोघी गळ्यात पडून रडल्या असतील. तसलं काही झालेलं नाही.

माझं गाव सणसर, नोकरी बारामतीत, एका खाजगी डेअरीच्या प्रयोगशाळेत. टँकर आला की दुधाचा नमुना घ्यायचा, फॅट काढायचं, भेसळ बघायची आणि माल घ्यायचा की परत पाठवायचा ते सांगायचं. आधी टँकरवाले माझ्याकडं बघून हसायचे. दोन-चार टँकर परत पाठवल्यावर सगळे मॅडम म्हणायला लागले.

एमआयडीसीजवळ आम्ही तिघींनी मिळून खोली घेतली होती. एक नर्स, एक बँकेत लागलेली आणि मी. रविवारी दुपारी कपडे वाळत टाकले की बँकवालीच्या लॅपटॉपवर आम्ही एक अमेरिकेतली विनोदी मालिका बघायचो. तिकडच्या एका शहरातल्या चार मैत्रिणी, त्यांच्या नोकऱ्या आणि त्यांची लफडी. चौघी काळ्या. पेपरात कृष्णवर्णीय लिहितात. आमच्या घरात काळीच म्हणतात, आणि माझ्याकडं बघून म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरते.

त्या मालिकेवर माझा राग होता, अगदी पहिल्या भागापासून. ह्या बायका काम करतात तरी कधी? ऑफिसात जायचं, साहेबाला एक टोमणा मारायचा आणि पर्स उचलून कॉफी प्यायला निघायचं. आमच्या लॅबमध्ये कुणी असं कॉफीला गेलं, तर गेटवर दूध नासून जाईल. त्यातली एक तर एकाच माणसाशी मोडायची, परत जमवायची, परत मोडायची. ‘अगं, सोड की त्या मुडद्याला!’ म्हणून नर्स इतकी ओरडायची की घरमालकीण खालून विचारायची, काय झालं गं पोरींनो?

पण बघणं काही सुटत नव्हतं. त्याचं कारण मी दोघींना कधी सांगितलं नाही. चौघींतली जी सगळ्यात काळी, अगदी माझ्या रंगाची, तिच्या मागं दोन पुरुष लागलेले होते, आणि त्याचं कुणालाच नवल वाटत नव्हतं. ‘काळी असली तरी नाकीडोळी नीटस हाय’ असं कुणी म्हणत नव्हतं. मी वाट बघायचे, आता म्हणतील, पुढच्या भागात तरी म्हणतील. मेले म्हणायचेच नाहीत.

एकदा आई डोळे दाखवायला बारामतीला आली आणि खोलीवर राहिली. तीही आमच्याबरोबर बघायला बसली. तिला इंग्रजी येत नाही, मी शेजारी बसून सांगत होते. साहेबासमोर एकीची टाच मोडली आणि ती फायलींसकट आपटली, तेव्हा आई तोंडाला पदर लावून पोट धरून हसली.

‘ह्या पोरींस्नी कुणी कायतरी लाव म्हणत न्हाय व्हय गं?’ तिनं विचारलं.

‘कुठं लाव?’

‘तोंडाला.’

‘न्हाय म्हणत.’

‘बरं हाय,’ आई म्हणाली आणि परत बघायला लागली.

मी रंगानं आईवर गेले. आत्याच्या तोंडून हे ऐकतच मी मोठी झाले. ‘आमच्या घरात असला रंग न्हवता,’ असं ती आईच्या देखत म्हणायची, आणि आई भाकरी थापत राहायची. आत्या वडिलांची थोरली बहीण, दिली इंदापुरात. पण आमच्या घरातलं पान तिला विचारल्याशिवाय हलत नाही.

तर ह्या आत्यानं माझ्यासाठी बावड्याचं स्थळ आणलं. बागायतदार घर, ऊस, डाळिंब, दारात दोन ट्रॅक्टर. हल्ली बागायतदारांच्या पोरांना पोरी मिळेनात. तिशी उलटली तरी बोहल्यावर चढायचा पत्ता नाही, पण तोरा बघाल तर जहागीरदाराचा. पोरगी गोरी पाहिजे म्हणाले. आत्यानं माझा फोटो मोबाइलवर उजळून पाठवला. तो मी पाहिला तेव्हा ही कोण बया, असं मलाच वाटलं.

मी वडिलांना स्वच्छ सांगितलं. ‘आण्णा, पुढल्या महिन्यापासून मला शिफ्टची जबाबदारी मिळणार हाय. लग्न ठरलं तरी मी नोकरी सोडणार न्हाय.’

‘बघून तर जाऊ दे त्यास्नी,’ वडील म्हणाले. पोरी अडकतात त्या ह्याच वाक्यात. बघून काय जातंय, म्हणतात, आणि तारीख धरूनच उठतात.

बघायच्या दिवशी आत्या इंदापुरातून पार्लरवाली घेऊनच उतरली. त्या बाईनं माझ्या तोंडावर इतके थर दिले की हसले असते तर पोपडे पडले असते. आरशात बघितलं तर तोंड एकीचं आणि मान दुसरीची.

‘आत्या, हे पुसून टाकते मी.’

‘गप बस. पदर मानंवर घट घे आनि हात जास्त हालवू नगो.’

पाहुणे आले. पोरगा, त्याची आई आणि चुलता. पोरानं मान वर केली नाही, चुलत्यानं शिक्षण विचारलं, नोकरीचं नाव काढल्यावर विषय उसावर नेला. मग पोराची आई उठली. ‘पोरीशी जरा आत बोलते,’ म्हणाली. आमच्याकडं ही रीतच आहे. बायका पोरीला आत नेतात, केस सोडून बघतात, पावलं बघतात, चालायला लावतात. गाय बघतानासुद्धा माणूस एवढा खोलात जात नाही.

स्वयंपाकघरात आई चुलीपाशी, आत्या दारात. त्या बाईनं तांब्यातल्या पाण्यात पदराचं टोक बुडवलं, एका हातानं माझी हनुवटी धरली आणि दुसऱ्यानं माझा गाल पुसला. वरून खाली, एकदाच, दाबून. मग पदर उजेडाला धरून बघितला.

‘व्हय, मला वाटलंच,’ ती म्हणाली.

आणि माझी आत्या हसली हो! ज्या बाईनं ते थर द्यायला लावले, तीच हसून म्हणाली, ‘बघा की, आमाला काय लपवायचं हाय?’

माझं डोकं सणकलं. मी मोरीत गेले, कपड्याचा साबण हाताला लागला तोच घेतला आणि तोंड खसाखसा धुतलं. तशीच ओल्या तोंडानं, डोक्यावरचा पदर काढून, बाहेर पुरुषांसमोर जाऊन बसले.

‘रंग ह्यो हाय,’ मी पोराला म्हणाले. ‘आनि नोकरी बी हाय. दोन्ही ऱ्हाणार.’

पोरानं आईकडं बघितलं. चुलता खाकरला. ‘कळवतो,’ म्हणाले आणि चहा अर्धा टाकून गेले. वडील माझ्याशी बोलेनात. पण मला मोकळं वाटत होतं. सुंठीवाचून खोकला गेला, आता कसला फोन येतोय!

दिवस मावळायच्या आत फोन आला. आत्यानं घेतला, हूं हूं करत ऐकला आणि फोन ठेवून उड्याच मारायची बाकी राहिली. ‘पसंत हाय म्हणत्यात! तोंडाळ हाय, पन चालंल. फकस्त ह्या महिन्यात नोकरी सोडायची. उन्हातान्हात हिंडायचं बंद झालं की रंग आपसूक उजळंल, म्हणाल्या.’

उन्हातान्हात! दिवसभर मी थंडगार लॅबमध्ये बसते, ऊन डोळ्याला दिसत नाही. हा रंग उन्हाचा नाही, आईचा आहे. तो उजळायचा कुठून?

वडील साखरेचा डबा शोधायला उठले होते. ‘मी हे लग्न करणार न्हाय,’ मी म्हणाले.

‘काळ्या पोरीला बागायतदाराचं घर मिळतंय, आनि ही नाक मुरडतीया!’ आत्या कडाडली. ‘त्या काळ्या बायकांच्या शिरेली बघून डोस्कं फिरलंय हिचं. गाल पुसला तर काय आभाळ कोसळलं? रीतच हाय ती. मी न्हाय पुसला व्हय कुणाचा?’

वडिलांनी माझ्याकडं बघितलं नाही, आत्याकडं बघितलं. म्हणजे आता ठरणार. लॅब, खोली, रविवार, सगळं एका साखरेच्या डब्यात जाणार.

‘नगं म्हणून कळवा त्यास्नी,’ आई म्हणाली.

ती परातीशी बसली होती, हात पिठात. आत्यापुढं तिनं तोंड उघडलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. आत्यालाही आधी कळेना कोण बोललं.

‘तू मधी पडू नगो,’ आत्या म्हणाली.

‘वन्सं, तुमी माझाच गाल पुसला व्हता. मला बघायला आलता तवा. आमच्या घरात, चुलीपाशी, आसंच पदर भिजवून.’

‘मग? रीत हाय म्हनलं की.’

‘रीत आसंल. पन माझ्या तोंडाला कायबी लावल्यालं न्हवतं, वन्सं. आमच्याकडं पावडर कुठली? पदराला कायबी लागलं न्हाय. तरी तुमी परत पुसला. दुसऱ्या बारीला जोरात.’

आईनं पिठाचा हात तसाच गालाकडं नेला आणि मध्येच खाली घेतला. वडील डबा धरून उभे होते. त्यांच्या तोंडावरून कळत होतं, एवढ्या वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

आत्या फोन मांडीवर ठेवून बसून राहिली. वडिलांनी डबा फळीवर परत ठेवला, तिच्या मांडीवरचा फोन उचलला आणि बावड्याला लावला. तिकडून कारण विचारलं असावं.

‘पोरीला सकाळी कामावर जायचंय,’ वडील म्हणाले.