मुठीतला गाळ

सानगडीपासून कोसभरावरच्या एका गावात चंद्रभानजी सव्वीस वर्षं पोलीस पाटील होते. गावात काही बरंवाईट झालं की ठाण्याला कळवायचं, हवालदार आला की दोन पंच गोळा करायचे आणि पंचनाम्यावर सही करायची, एवढं त्यांचं काम. पंचनामा खरं तर जागेवर जाऊन, पाहून लिहायचा. पण तो लिहिला जाई शाळेच्या ओसरीवर. हवालदार बोलत बोलत लिहीत असे, पंच तंबाखू मळत ऐकत असत, चहा आला की सह्या होत. यात काही चुकतं आहे, असं चंद्रभानजींना फक्त एकदा वाटलं होतं, आणि ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

दिवाळीत त्यांची नात रुचिता नागपूरहून आली. ती कॉम्प्युटर शिकते. दुपारी जेवणं झाल्यावर तिनं लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला.

"आबाजी, हा गेम खेळून पाहा. दोन पोरांनीच मिळून बनवला. अर्ध्या तासात संपते. एक मर्डर झाला आहे, अन् तुमी डिटेक्टिव."

"मले कुठचं इंग्रजी येते?"

"मी सांगतो न वाचून. तुमी फक्त दाबा."

एका मोठ्या घरात स्वयंपाकीण जिन्याखाली मरून पडली होती. खोल्या फिरायच्या, वस्तू पाहायच्या, माणसांना विचारायचं आणि शेवटी अहवाल द्यायचा. सगळ्यात आधी घराचा मालक भेटला. तो म्हणाला, पाय घसरला असेल. चंद्रभानजींनी खाली अहवालाचं चित्र पाहिलं आणि तिथंच दाबलं. पडद्यावर कारण विचारलं, तर त्यांनी अपघात निवडलं.

पडद्यावर घरातली माणसं जेवायला बसलेली दिसली. मालक स्वतःच्या हातानं वाढून घेत होता. वर एक ओळ आली. रुचितानं ती वाचली, "फाइल बंद." पाच मिनिटंही झाली नव्हती.

रुचिता पोट धरून हसली. "आबाजी, तुमी तं काहीच पाह्यलं नाई. तिच्याजवळही गेले नाई. अशाच केसी निपटवत होते काय पाटीलकीत?"

"पडली, मेली. त्याच्यात काय पाहाचं?"

"चला, पुन्हा खेळा. या वेळी तिचा हात पाहा."

त्यांनी हातावर बाण नेला आणि दाबलं. मिटलेली मूठ मोठी झाली, हळूहळू उघडली. आत मालकाच्या कोटाचं बटण होतं.

"पाह्यलं? पहिल्यापासून तिथंच होतं."

चंद्रभानजींनी माऊस सोडला. डोळे दुखून राहिले म्हणाले आणि जाऊन खाटेवर पडले.

सतरा वर्षांपूर्वी, मे महिन्यात, गोपीचंदची बायको सत्यभामा बोडीत मेलेली सापडली होती. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायचं लहान तळं. मे महिन्यात तिच्यात गुडघाभर पाणी उरतं. सत्यभामेला बाहेर काढलं तेव्हा चंद्रभानजी बोडीच्या पाळीवर, बांधावरच उभे होते. तिच्या दोन्ही मुठी गाळानं गच्च भरलेल्या होत्या. जीव द्यायला गेलेली बाई असा गाळ धरत नाही. मान दाबून धरलेली बाई धरते. हे त्यांना तिथंच, त्याच क्षणी कळलं होतं. मग बायकांनी तिचे हात धुतले, तिला रस्त्यापर्यंत आणून वर चादर टाकली. हवालदार आला तो रस्त्यावरच थांबला, बोडीपर्यंत गेलाच नाही. गोपीचंद म्हणाला, घरात कटकट झाली, रागात गेली. डॉक्टरांनी बुडून मेली असं लिहिलं, आणि तेही खरंच होतं. ओसरीवर हवालदारानं विचारलं, "पाटील, पाणी किती होतं?" गोपीचंदचं घर समोरच होतं. रोज उठून त्याचं तोंड पाहायचं होतं. चंद्रभानजी म्हणाले, "असन दोन पुरुष खोल."

पंचनाम्यात तसंच लिहिलं गेलं. त्यावर त्यांची सही आहे.

सत्यभामेची पोरगी कीर्ती तेव्हा चार वर्षांची होती. मागच्या साली तिचं जमलेलं लग्न मोडलं. माय अशी जीव देणारी निघाली तर पोरीचा काय भरवसा, असं मुलाकडचे म्हणाले. त्यानंतर एकदा तिनं चंद्रभानजींना विचारलं होतं, "पाटीलबाबा, माय रागात गेली तं गेली. माह्याकडं पाहून थांबली काहून नाई?" तेव्हा ते तिथून उठून घरी आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चौकातल्या मेडिकलवर गेले. कीर्ती तिथं कामाला आहे. दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

"काय देऊ, पाटीलबाबा?"

"काई नोको. तुह्या मायचं सांगाचं हाये."

त्यांनी सांगितलं. पाणी किती होतं, मुठी कशा होत्या, ओसरीवर आपण काय बोललो, सगळं. काउंटरची कड धरून बोलले. मध्ये एक बाई खोकल्याचं औषध घ्यायला आली. कीर्तीनं बाटली दिली, दिवसातून तीनदा म्हणून सांगितलं, आणि ती गेल्यावर पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं.

"म्हणजे माय मले सोडून नव्हती गेली."

"नाई गेली."

"अन् हे तुमाले माहीत होतं. मी शाळेत जात होती तेव्हाही माहीत होतं."

"होतं."

तिनं शटर अर्धं ओढलं.

"चला."

"ठाण्यात?"

"ठाण्यात मागून जाऊ. बाबा घरीच आहेत. जे मले सांगितलं, ते त्यायच्यासमोर सांगा."

नको म्हणावं असं चंद्रभानजींच्या ओठावर आलं होतं. पण ती पुढं निघालीही होती, वळून पाहत नव्हती. ते तिच्या मागं चालत राहिले.

गोपीचंद अंगणात खाटेवर बसला होता. त्यानं आधी पोरीकडे पाहिलं, मग तिच्या मागं उभ्या असलेल्या पाटलांकडे. दोघं मिळून कायले आले, हे त्यानं विचारलं नाही. तो उठला आणि घरात जाऊ लागला.

"बाबा, बसा," कीर्ती म्हणाली.