शिक्का नसलेलं झबलं

"म्या उठून काय सांगू, सिस्टर? असल्या गोष्टी चारचौघांत बोलत्यात व्हय?"

"मग कुठं बोलतात? आज शिवणखोली बंद झाल्याचं जाहीर करणार आहेत. तुम्ही नाही बोललात तर कोण बोलणार?"

"तुमी चला की. तुमची जीभ चालती."

"वर चार बायका कळा देतायत, रंगराव. त्यांना सांगू का, जरा थांबा, मीटिंग आहे म्हणून?"

पूर्णिमा सिस्टर प्रसूती वॉर्डाच्या मुख्य. बोलणं कात्रीसारखं, पण कापून झाल्यावर माणसाला वाईट वाटत नाही, अशी बाई. ती लिफ्टकडे गेली आणि रंगराव गळ्यातली मापाची टेप काढून खिशात घालत हॉलकडे निघाला.

रंगराव पारखी हा दवाखान्याचा शिंपी. जातीनं नव्हे, कामानं. कर्वेनगरात एका ट्रस्टचा दवाखाना आहे, त्याच्या तळमजल्याला धुलाईच्या मागं बिनखिडकीची एक खोली, तिथं सव्वीस वर्षं मशीन मारत बसलेला. गाव माण, हिंजवडीच्या अंगाला. भाताच्या खाचरांत आता काचेच्या इमारती उभ्या आहेत. वाटण्यांत रस्त्याकडचं रान चुलतभावांना गेलं आणि ते मोठ्या गाड्यांतून फिरू लागले. याच्या बापाला डोंगराकडचा खडक आला. मग मामानं ओळख काढून याला नारायण पेठेत एका ब्लाउजवाल्याच्या हाताखाली काजं-बटणं करायला घातलं. तिथून तो दवाखान्यात आला. पुढं हिंजवडीत कंपन्या झाल्या, तेव्हापासून सकाळी त्यांच्या बसगाड्या माणसं भरभरून हिंजवडीकडे यायच्या आणि रंगराव त्यांच्या उलट्या तोंडानं शहरात जायचा. "सारं जग माझ्या गावाला पोटाला येतंय, आन म्या पोटापायी गाव सोडून जातोय," म्हणायचा. तक्रार नसायची त्यात. पाऊस पडतोय म्हणावं तसं म्हणायचा.

शिवणखोलीचं काम म्हणजे पडदे, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे गाऊन आणि झबली. आपल्याकडं पोर जन्मायच्या आधी त्याचं कापड घरात आणत नाहीत, आणि जन्मलं तरी बारशापर्यंत अंगाला जुनंच लावतात. आता फ्लॅटात राहणाऱ्या माणसाकडं जुनं मऊ लुगडं कुठून असणार? म्हणून दवाखान्याच्या विरलेल्या चादरी या खोलीत यायच्या. शंभर धुण्यांनी कापड सायीसारखं झालेलं असायचं. कडेचा दवाखान्याचा शिक्का कापून टाकायचा, मधल्या चांगल्या कापडाची झबली काढायची. बटण नाही, नाडी. बटण पोराला टोचतं.

हे झालं सगळ्यांना ठाऊक असलेलं काम. दुसरं एक काम होतं, ते मुक्ताईचं.

मुक्ताई त्याच खोलीतल्या दुसऱ्या मशीनवर बसायची. नवरा लवकर गेलेला, एक पोरगा वाढवलेला, हाताला वेग आणि तोंडाला कुलूप. एकोणीस वर्षांमागं ती चहा घेऊन येत होती तर लिफ्टपाशी एक माणूस उभा दिसला. वाशीमकडचा, चाकणला कारखान्यात कामाला, पुण्यात नात्याचं कुणी नाही. हातात हिरव्या फडक्यातलं गाठोडं. बायकोला सातव्यातच कळा आल्या होत्या, पोर जगलं नव्हतं. कापड आधी घेत नाहीत, म्हणून घरून काही आणलेलं नव्हतं. ऑपरेशनच्या हिरव्या फडक्यात गुंडाळून दिलं होतं आणि शिक्का नेमका वर आलेला. तो माणूस अंगठ्यानं तो शिक्का झाकत उभा होता.

मुक्ताईनं चहा जमिनीवर ठेवला. "जरा थांबा, दादा," एवढंच म्हणाली. खोलीत येऊन तिनं चादरीचा मधला तुकडा काढला आणि वीतभर झबलं शिवलं. रंगरावानं बघितलं, विचारलं नाही. तिनंच मागून सांगितलं, "शिक्क्याच्या कापडात लेकरू जायला नको. बेवारशी, पालिकेनं उचलल्यागत."

तेव्हापासून वरून फोन आला की मुक्ताई हातातलं काम बाजूला सारायची. सलाइनच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे तिनं तीन साचे कापले होते, सगळ्यात धाकटा तळहाताएवढा. नियम दोन. रजिस्टरात लिहायचं नाही, कारण आकडा लिहिला की आकडा वाढतो. आणि आधी शिवून ठेवायचं नाही. शिवून ठेवलेलं कापड माणूस शोधतं, म्हणायची. फोन आला की मगच कात्री उचलायची. रंगरावाला दोन्ही पटलं. जे आपल्या आजीनं सांगितलं असतं तेच ही सांगते, मग वाद कशाला?

होळीनंतर मुक्ताई गेली. पोटातली गाठ. तीन मजले वर तपासायचे डॉक्टर बसतात, पण तिला वर जायला सवड झाली नव्हती. गेली तेव्हापासून ते काम रंगरावाकडं आलं. किती झाली ते त्यानंही मोजलं नाही.

हॉलमध्ये खुर्च्या भरल्या होत्या. नव्या संचालक डॉक्टर प्रियदर्शनी बोलायला उभ्या राहिल्या. बाई वाईट नव्हती. शिपायाला अहो म्हणायची, स्वतःचा कप स्वतः उचलायची. मागच्या पडद्यावर अक्षरं होती : काय बदलतंय. हजेरी आता बोटानं नाही, चेहऱ्यानं. पार्किंग मागच्या बाजूला. चहाचं मशीन दुसऱ्या मजल्यावर जाणार, यावर बरीच चर्चा झाली. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी गर्दी नको म्हटलं, तळमजल्यावरच्यांनी गुडघे दाखवले. हिशेबखात्यातला एकजण म्हणाला, "चहा प्यायला दोन मजले चढायचे असतील तर मशीन हृदयविभागातच ठेवा." हसणं झालं.

मग पडद्यावर शिवणखोली आली. ती दीड मिनिटात आटोपली. पुढच्या एक तारखेपासून पडदे-गाऊन बाहेरून येतील. नवजात बाळांसाठी निर्जंतुक, सीलबंद किट येईल, टोपी-मोज्यांसकट. वर्षभराची नोंद पाहता खोली चालू ठेवण्याएवढं काम नाही. रंगरावांना भांडारात घेतलंय, कुणाचीही नोकरी जात नाही.

"यावर कुणाला काही विचारायचंय?"

रंगराव खुर्चीतून अर्धा उठला. मग त्यानं समोर बघितलं. पुढच्याच रांगेत लॅबमधली ऋतुजा बसली होती, आठवा महिना, पोटावर फाइल धरून. हिच्या कानावर हे घालायचं? तो परत खुर्चीत टेकला.

"आता आपल्या माणसांचं कौतुक," डॉक्टरबाई म्हणाल्या. अतिदक्षता विभागाची तेजस्विनी कुठल्याशा परीक्षेत राज्यात दुसरी आली होती. टाळ्या झाल्या. आणि मागच्या सबंध वर्षात एकही रजा न घेतलेली कर्मचारी. डॉक्टरबाईंचा आवाज खाली आला. "मुक्ताई आज आपल्यात नाहीत. त्यांचं प्रशस्तिपत्र त्यांचे सहकारी रंगराव स्वीकारतील."

एकही रजा नाही. रंगराव पुढं जाता जाता तेच घोकत होता. एक रजा काढली असती, नाही, रजासुद्धा नाही, अर्धा तास काढला असता आणि तीन मजले वर गेली असती तर हा कागद दुसऱ्या कुणाला मिळाला असता.

"दोन शब्द बोला ना त्यांच्याविषयी."

माइक हातात आला. सिस्टर म्हणाली होती ती हीच वेळ. जिभेवर सगळं होतं : वाशीमचा माणूस, हिरवं फडकं, तीन साचे. ऋतुजा त्याच्याकडं बघून हसत होती.

"बाई कामाला चोख व्हती," रंगराव म्हणाला. "सुई मोडली तरी दुसऱ्याची मागत न्हवती."

लोक जरा हसले, टाळ्या वाजल्या. तो खाली उतरला.

वडा-कॉफी सुरू झाल्यावर त्यानं प्रशासनातल्या अभयसरांना जिन्याशी गाठलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. अभयनं वडा कागदात तसाच ठेवला आणि नीट ऐकून घेतलं. तिशीचा पोरगा, त्याचं तोंड उतरलं.

"मला कुणी सांगितलंच नाही हे, रंगराव. किटमधलं झबलं एकाच मापाचं आहे, अडीच किलोच्या पुढचं. सातशे ग्रॅमच्या बाळाला त्याचा काय उपयोग? रजिस्टरमधली नोंद दाखवा, मी आजच मॅडमकडं नेतो. वर्षाला किती होतात?"

"नोंद न्हाई."

"अंदाजे तरी?"

"मोजायचं नसतं त्ये."

"अहो, पण आम्ही काम मोजूनच ठरवलं ना. या कामाचा हिशेब धरला असता तर…" अभय थांबला. "मी बोलून बघतो. पण करारावर सह्या झाल्यात."

रंगराव खोलीत आला. प्रशस्तिपत्र मुक्ताईच्या मशीनवर ठेवलं. पंख्याच्या वाऱ्यानं उडायला लागलं, म्हणून त्यावर कात्री ठेवली. आपण तिचा शब्द पाळला आणि पाळता पाळता तिचं काम बुडवलं. बाईला जाऊन विचारायचीही सोय नाही. तिला विचारलं असतं तर म्हणाली असती, लिहिलं असतं तर वाढलं असतं. असल्या माणसाशी जिवंतपणी वाद झाला नाही, मेल्यावर काय होणार?

फोन वाजला.

"रंगराव, एक लागेल. धाकटा साचा." पूर्णिमा सिस्टरच्या आवाजात आत्ता कात्री नव्हती. "बोललात का खाली?"

"न्हाई जमलं."

रंगरावानं धाकटा साचा पुढं ओढला.

"आई कुठली हाय?" त्यानं विचारलं. एरवी विचारत नसे.

"यवतमाळची. नवरा हिंजवडीत सिक्युरिटीला आहे. खालीच बसलाय."

"धा मिन्टं द्या." मग फोन न ठेवताच तो म्हणाला, "सिस्टर, तुमच्या कपाटात जागा हाय का? कुलपाचं कपाट. बायांच्या नजरंस पडणार न्हाई असं."

"आहे. कशाला?"

"एक तारखेला नऊ दीस हायेत. चादरी हायेत तवर शिवून ठेवतो."

सिस्टरला मुक्ताईचा नियम ठाऊक होता. "शिवून ठेवायचं नसतं ना, रंगराव?"

"नसतंच."

"किती करणार?"

"त्येचा आकडा कसा सांगू? तुमीच सांगा."

"कपाट रिकामं करून ठेवते," सिस्टर म्हणाली. फोन ठेवला.

रंगरावानं आधी ते एक शिवलं. तळहाताएवढं कापड, दोन नाड्या. आतली शिवण बोटानं चाचपून बघितली, कुठं गाठ राहिली नव्हती. वॉर्डबॉय न्यायला आला, त्याच्याकडे घडी करून दिलं.

मग कोपऱ्यातली चादर ओढली, शिक्क्याची कड फाडून टाकली आणि राहिलेल्या कापडाच्या चार घड्या घातल्या. इतक्या वर्षांत धाकटा साचा मुक्ताईनं आणि मग त्यानं एकेरी कापडावरच ठेवला होता. आता तो चौघडीवर ठेवला, खडूनं भोवती रेघ ओढली. कात्री प्रशस्तिपत्रावर होती. ती उचलली तसा कागद उडून मशीनखाली गेला. राहू दे म्हणून त्यानं कात्री चौघडीत घातली. कापड जुनं होतं, मऊ होतं, चारही पदर एकदम कापले गेले.