उजव्या हाताची ग्वाकामोली

शाळेची बस चालवणाऱ्या बाईंना सगळी गल्ली ड्रायव्हरबाई म्हणायची. आवाज असा खणखणीत की हॉर्नची गरजच पडू नये. मागच्या बाकावर दंगा झालाच, तर त्यांनी आरशातून नुसतं बघितलं तरी बस चिडीचूप व्हायची. अशी बाई एका सकाळी चहाचा कप उचलायला गेली आणि कप काही उचलला गेला नाही. अर्धांगाचा झटका होता. औषधपाणी वेळेवर झालं, पाय हळूहळू ताळ्यावर आला. उजवा हात मात्र परक्या घरच्या पाहुण्यासारखा मांडीवर पडून राहिला.

मदतीला थोरली नणंद आली. बाई मायेची, पण तिच्या मायेने समोरच्याचा जीव गुदमरायचा. गॅसजवळ जाऊ नकोस, सुरीला हात लावू नकोस. साधा पेला उचलला तरी ती धावत यायची. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा, मुळातच मितभाषी. बायको आणि बहीण यांच्यामध्ये त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. एक दिवस ड्रायव्हरबाईंनी तो कोपऱ्यात भिरकावला.

"दिवसभर चेंडू दाबून मिळतं काय? चेंडूच. शेवटी तोंडात घालता येईल असं काहीतरी सांगा."

व्यायामवाल्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, मग ग्वाकामोली करा. त्या स्वतः संध्याकाळी तेच खायच्या. तळण नाही, विस्तव नाही. पिकला अ‍ॅव्होकाडो कुस्करायचा, कांदा-कोथिंबीर घालायची, लिंबू पिळायचं. डॉक्टरांनी तळलेलं बंद केल्यापासून घरात संध्याकाळच्या खाण्याचे वांधेच होते.

नवऱ्याने फळं आणली ती दगडासारखी. पहिलंच सुरीखालून निसटलं आणि गडगडत कपाटाखाली गेलं. नणंदेने 'तरी मी सांगत होते' असा चेहरा केला. उरलेली फळं बाईंनी केळ्यांबरोबर कागदी पिशवीत ठेवली आणि रोज अंगठ्याने चाचपत राहिल्या.

फळ मऊ लागलं त्या संध्याकाळी त्यांनी नणंदेला सांगितलं, "वन्सं, तुम्ही बाहेर बसा."

"आणि सुरी लागली म्हणजे?"

तेव्हा घड्याळवाल्याने तोंड उघडलं. "ताई, चल. चालत्या बसमध्ये ड्रायव्हरशी बोलू नये."

बाईंनी फळ उजव्या तळव्याखाली दाबून धरलं आणि डाव्या हाताने सुरी फिरवली. बी सुटली. गर वाडग्यात काढून त्यांनी उजव्या हाताची बोटं एकेक करून काट्याभोवती मिटवली. मग खांद्यापासून जोर लावला. गर हलला, दबला, मऊ झाला. कांदा ओबडधोबड चिरला गेला. कोथिंबीर आणि मिरची त्यांनी सरळ कात्रीने कापली. मीठ चिमूटभर.

राहिलं लिंबू. डाव्या हाताने ते चुटकीसरशी झालं असतं. बाईंनी फोड उजव्या तळव्यात ठेवली आणि मिट म्हणून हाताला दटावलं. बोटं ढिम्म. कपाळावर घाम आला, दात आवळले गेले. अन् मग एक थेंब पडला. मग दुसरा. मग बारीकशी धार लागली, बियांसकट.

"या आत," बाईंनी हाक मारली. हाक गल्लीच्या टोकापर्यंत गेली असावी.

तो हिरवट गोळा बघून नणंदेने नाक मुरडलं. काकडीच्या चकतीवर घेऊन जरासा चाखला. "कांदा जाड राहिलाय," म्हणाली आणि वाटी पुन्हा पुढे केली. घड्याळवाल्याचं मात्र खाण्याकडे लक्षच नव्हतं. लिंबाच्या रसाने चिकट झालेला बायकोचा उजवा हात तो दोन्ही हातांत धरून बसला होता.

पुढे आठवड्यातून दोनदा तरी वाडगा भरू लागला. कांदा बारीक होत गेला. एक दिवस नणंदेने आपणहून बॅग भरली. इथे आता माझं काय काम, म्हणाली, आणि ते म्हणताना तिचा चेहरा फुलला होता. ड्रायव्हरबाई तिला स्टॉपवर सोडायला निघाल्या. बॅग भावाकडे, आणि कपड्यांची लहान पिशवी बाईंच्या उजव्या हातात. नणंद वाटभर म्हणत राहिली, दे गं इकडे. बाईंनी बस येईपर्यंत दिली नाही.