चार घरांचा शब्द

माहेरी सोलापुरात माझ्या तोंडाला खीळ नव्हती. लग्न होऊन तुळजापूरला आले आणि चार महिने सासऱ्यांच्या कानावर माझा आवाज पडला नाही. सुनेनं सासऱ्यांसमोर बोलायचं नाही, अशी रीत. जाच नव्हता, खाण्यापिण्याला ददात नव्हती. पण गप्प राहून राहून माझा जीव गुदमरत होता. यजमान हैदराबादला शिकत होते, म्हणजे बोलायला तेही नव्हते.

सासरे, म्हणजे मामंजी, अदालतीत पेशकार होते, न्यायाधीशापुढं कागद मांडायचे. निजामाचं राज्य, त्यामुळे दिवसभर उर्दू लिहायचे आणि घरी आले की त्यांना मराठीची भूक लागायची. सोलापूरच्या मोटारीतून दर आठवड्याला एक साप्ताहिक मागवायचे, ते फक्त शब्दकोड्यासाठी. अडलं की ओसरीवरून सासूबाईंना म्हणायचे, "तिला विचार." सासूबाई स्वयंपाकघरात येऊन मला विचारायच्या आणि माझं उत्तर बाहेर पोचवायच्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. वाटेत कोड्याचं काय व्हायचं ते देवीलाच ठाऊक. "मांडवात खाली बसला तरी वर" हे माझ्यापर्यंत "मांडवात कोण बसलंय बघ" असं येऊन पोचलं. पण "गळ्यात असते, गावाबाहेर असतो" हे त्यांनी वाटेतच सोडवलं. गळ्यातल्या कवड्या चाचपत म्हणाल्या, "माळ की गं. त्यात काय एवढं."

एकदा कोडं आलं: "दोघांचं पटलं की लिहितात, एकाचं पटलं नाही तरी लिहितात." चार अक्षरं. मला एक शब्द सुचला, पण तो निम्म्या कोड्यालाच लागू पडत होता. चुकला तर हसं होईल, म्हणून मी "येत नाही" असं कळवलं. मामंजींनाही येत नव्हतं म्हणे. चार दिवस ती घरं रिकामीच राहिली.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी भाकरी करत होते. अदालतीचा चपराशी दारात आला आणि सासूबाईंना म्हणाला, "अम्मा, साहेबांना यायला उशीर हुईल. राजीनामा लिहायलेत."

माझी भाकरी तव्यावर करपली. सासूबाई मात्र ज्वारी निवडत म्हणाल्या, "बरं झालं. लई दिवस चाललं होतं ते." घरातली एकुलती एक नोकरी गेली आणि या बाई सुपातून मान वर काढायला तयार नाहीत. मला त्यांचा रागच आला.

मामंजी आले ते गुणगुणत. मी रीतभात विसरले आणि तशीच ओसरीवर गेले.

"मामंजी, नोकरी सोडू नका."

त्यांनी चपला काढता काढता वर पाहिलं. "कुणी सोडली?"

"तुम्ही राजीनामा लिहिलात ना?"

"व्हय, लिहिला. दोघा भावांचा बांधावरून दावा होता, दोघं राजी झाले, त्यांचा राजीनामा करून मिटवला आज. नोकरी सोडायची तर इस्तीफा लिहितात."

"आमच्या सोलापुरात त्यालाच राजीनामा म्हणतात."

ते एक चप्पल पायात ठेवून तसेच उभे राहिले. मग आत जाऊन साप्ताहिक आणलं आणि चार घरं भरली. हा शब्द त्यांनाही पहिल्याच दिवशी सुचला होता. पण पटलं नाही तर राजीनामा कसला, म्हणून त्यांनी तो सोडून दिला होता. मलाही हाच सुचला होता, मी सांगितलं. पटल्यावर कोण राजीनामा देतं, म्हणून मी बोलले नव्हते. दोघांनाही आपापली निम्मी बाजू ठाऊक होती आणि मधे स्वयंपाकघराचा उंबरठा होता. मामंजी पोट धरून हसले.

"सूनबाई," ते साप्ताहिक माझ्यापुढं करत म्हणाले, "आता आडवा सात बघ बरं."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "आन् मग मला कोडं कोण सांगणार?"

मामंजी वरमले. मी साप्ताहिक घेतलं आणि कोडं वाचलं, स्वयंपाकघरात नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मोठ्यानं बोलून मला इतका आनंद झाला, की तेच कोडं मी दोनदा वाचलं.