बसायची परवानगी

स्वातंत्र्यासाठी इंग्रजीत जितके शब्द आहेत तितके जगातल्या दुसऱ्या कुठल्याच भाषेत नाहीत, असं आमचे सर सांगायचे. हे मी उभ्याने ऐकलं. माझ्या तोंडून ‘मले’ निघालं होतं.

अमरावतीतला स्पर्धा परीक्षेचा क्लास. तोंडून वऱ्हाडी निघालं की उभं राहायचं, हा तिथला नियम. बसायचं असेल तर हात जोडून, सगळ्यांसमोर, ‘सर, काइंडली मॅन्युमिट मी.’ मॅन्युमिट म्हणजे मालकाने गुलामाला मोकळं करणं. फार जुना शब्द. आता तो शब्दकोशात आणि आमच्या क्लासमध्ये तेवढा उरला होता. सर हात हलवायचे. मग बसायचं. मी इतक्या वेळा उभी राहायचे की एकदा मागच्या बाकावरची वैशाली वैतागून म्हणाली, ‘सरक ना वं, फळा दिसून नाही राहिला.’ तीही उभी राहिली.

सर स्वतः दर्यापूरकडचे. आईचा फोन आला की जिन्यात जायचे. ‘जेवली काय माय? मी नंतर करतो, शिकवून राहिलो.’ जिना नियमात येत नव्हता.

मला शब्द आवडायचे, हीच अडचण. खोलीवर शब्दकोश घेऊन बसायचे. इल्युथेरोमेनिया सापडला. स्वातंत्र्याची अनावर ओढ. शब्दावरून तो एखादा आजार वाटतो. फ्रँकलिन सापडला. जुन्या इंग्लंडात स्वतःच्या जमिनीचा मालक असलेला, पण सरदार नसलेला मोकळा माणूस. म्हणजे माझे बाबा. पातूरला पाऊण एकर, झेंडू आणि वांगी. पण मॅन्युमिटपाशी मी अडले. त्यात गुलाम काहीच करत नाही. जे करायचं ते मालकच करतो. गुलामाने नुसतं उभं राहायचं. ते डोक्यातून जाईना.

पंधरा ऑगस्टला क्लासचा कार्यक्रम होता. विषय, ‘स्वातंत्र्याचे विस्मरणात गेलेले शब्द’. भिंतीवर एकेक शब्द रंगवून लावलेला. हार माझ्या बाबांकडून मागवले होते, ताजे मिळतील म्हणून. बाबा पहाटेच निघाले, अकोल्याला गाडी बदलून आले. दोन पिशव्या झेंडू. पुढच्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर टेकले आणि तिथूनच मला विचारलं, ‘बाई, हे हार कोणाले देऊ? मले वापस जाची गाडी पकडा लागते.’

सरांच्या हातात माईक होता.

‘काका, इथे मले म्हटलं की उभं राहावं लागतं.’

सभागृह हसलं. बाबा ताबडतोब उभे राहिले. पिशव्या पायाशी. हात जोडलेले. सगळे हसताहेत म्हणून तेही हसले.

सर माझ्याकडे वळले. ‘आता वडिलांसाठी तू विनंती कर. म्हण.’

ते वाक्य ओठावर आलं. न अडखळता. ते इतकं सहज आलं, याची चीड अजून गेलेली नाही.

मी म्हणाले, ‘बाबा, बसा तुमी. बसाले कोणाले इचारा लागत नाही.’

‘अवं, पण सायेब म्हणून राहिले...’

‘बसा.’

ते खुर्चीच्या काठावर बसले. शेजारची खुर्ची पाहुण्यांसाठी राखलेली होती, पांढरं कापड घातलेली. मी तिच्यावर बसले.

‘परवानगीशिवाय?’ सर.

‘सर, आमी बसलो.’

या वेळी कोणी हसलं नाही. मग सरांनी पाहुण्यांना आमचाच हार घातला आणि स्वातंत्र्यावर बोलायला सुरुवात केली.

ऑटोत बाबांनी विचारलं, ‘काहून वं, सर रागावले काय? मले तं वाटलं, झेंड्यासाठी उभं करून राहिले.’

खोटं बोलता आलं असतं. ‘नाही बाबा. तुमच्या बोलण्यासाठी.’

बसस्टँड आलं. उतरताना रिकाम्या पिशव्यांची घडी घालत म्हणाले, ‘मंग तिथं जाऊ नोको.’

गेले नाही. अजून कुठे नीट टेकता येत नाही मला. कुणी ‘बसा’ म्हटलं की आधी संशय येतो.

आता अकोल्यात एका खोलीत इंग्रजी शिकवते. सगळे शब्द शिकवते, मॅन्युमिटही. पोरी इंग्रजीत अडल्या की वऱ्हाडीत विचारतात, मी वऱ्हाडीत सांगते. मोकळं करा, असं मी पुन्हा कुणाला म्हणणार नाही. माझ्यासमोर कुणाला म्हणू देणार नाही. उद्या सर दारात आले तर त्यांच्याशीही मी ‘मले’ म्हणूनच बोलेन. बोलण्यापायी माझ्या वर्गात कुणीही उभं राहणार नाही.

तरी रोज तीन-चार पोरी उभ्या असतात. खुर्च्या कमी आहेत.