लायमनकाकांनी उपटलेल्या खुंट्या

लायमनकाका ‘हो’ म्हणत नाहीत. श्वास आत ओढून ‘अय्’ करतात, गरम कॉफीनं जीभ पोळल्यासारखं. अमेरिकेतल्या आमच्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर, ओहोटीच्या चिखलातून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, उकरण्यात त्यांचा जन्म गेला, त्यामुळे उभे राहिले तरी कमरेतून वाकलेलेच.

पिकरिंगांच्या रानातून खाडीकडे उतरणारी वाट ते वडिलांच्या वेळेपासून वापरत आलेले. कागद नाही, काही नाही. पिकरिंगबाई अंगणातून हात हलवायच्या, तीच परवानगी. दुसऱ्या बाजूनं जायचं तर कडा उतरावा लागतो आणि काकांचा गुडघा त्याला तयार नव्हता. वाट गेली की धंदा गेला.

बाई वारल्या. मुलांनी रान बोस्टनच्या कुणा पैसेवाल्यांना विकल्याची कुजबुज झाली. मग एका सकाळी ओहोटीला निघालेल्या काकांना वाटेच्या दोन्ही बाजूंना नारिंगी फितींच्या खुंट्या दिसल्या. त्यांनी झाडून सगळ्या उपटल्या, टोपल्यांत भरल्या आणि घरी आणल्या.

“आज जेवायला हेच का?” डार्लीनकाकूंनी विचारलं.

“बोस्टनवाले कुंपण घालतायत.”

“विचारलंस कुणाला?”

“उपटल्यावर काय विचारायचं?”

दोन दिवसांनी दारात एक मुलगी उभी. गळ्यात दुर्बीण, आणि प्रत्येक वाक्य शेवटी प्रश्नासारखं वर उचलायची सवय.

“मी ब्रिजेट? जमीन-ट्रस्टमधून? पिकरिंगांचं रान आम्ही घेतलंय? म्हणजे तिथं आता कधीच घरं होणार नाहीत? पक्ष्यांसाठी झाडं तशीच राहतील, आणि तिसऱ्यावाल्यांना खाडीवर जायला वाट? त्या वाटेच्या खुंट्या कुणीतरी नेल्यात?”

काकूंनी चुलीशेजारच्या लाकडांच्या खोक्याकडे पाहिलं. नारिंगी फिती लोंबत होत्या.

“सांग तिला,” काकू म्हणाल्या. “नाहीतर मी या पेटवते.”

“अय्,” काका म्हणाले. खोक्यातली एक खुंटी काढून त्यांनी तिच्यापुढं धरली. “पण तू गेल्यावर? दुसरी कुणी आली आणि तिनं साखळी लावली तर?”

“खरेदीखतातच लिहिलंय. आम्हालासुद्धा ती वाट बंद करता येत नाही.”

हे वाक्य तिनं वर उचललं नाही. काकांनी खुर्ची ओढली आणि तिला बसायला दिली.

दुसऱ्या दिवशी दोघांनी खुंट्या परत ठोकल्या. ती नकाशा धरून, काका हातोडा घेऊन.

“थोडं डावीकडे? इथं बदकं घरटी करतात?”

“बदकांनी अर्ज केलाय का?” काका कुरकुरले, पण सरकले.

काम अर्धं झालं आणि पाणी ओसरायला लागलं. काकांनी हातोडा तिच्या हातात दिला. “उरलेल्या तू ठोक. माझी ओहोटी चाललीय.”

ते खाली उतरले. बाकीचे लोक उकरायला वाकले होते. काका मात्र टोपली पालथी घालून तिच्यावर बसले.

“गुडघा धरला का, लायमन?” एकानं ओरडून विचारलं.

“नाही,” काका म्हणाले. “बसलोय. वाट आता कुठं जात नाही.”