बिरोबाच्या चेहऱ्यावरच्या भेगा

मी जालिंदर, कळंबचा पेंटर. हायवेवर एखाद्या ढाब्याच्या पाटीवरचा कोंबडा बदकासारखा दिसला, तर समजा तो मीच काढलाय.

माझे सासरे गेणभाऊ म्हणजे सख्खे मामाच. डिंभ्याकडच्या वस्तीवर बिरोबाचे पुजारी. देवळात सागाच्या फळीवर रंगवलेला जुना बिरोबा आहे. लग्नानंतर वर्षभरात मामा म्हणाले, "देवाचा चेहरा उडालाय. जरा हात फिरव." मला चेव चढला. चेहरा असा रंगवला की बिरोबा नुकताच सलूनमधून आल्यागत चकचकीत. मग ध्यानात आलं, जुना देव पार नवा दिसतोय. मामा तीच फळी माझ्या डोक्यात घालतील म्हणून मी वर समईची काजळी चोळली आणि बारीक ब्रशनं एकेक भेग काढत बसलो. दोन दिवस गेले. मामांनी येऊन निरखून बघितलं आणि म्हणाले, "दोन दिस नुसता झोपलास व्हय रं?"

चोरी इतकी बेमालूम जमली, की मी कायमचा कामचुकार ठरलो. एकतीस वर्षं मामा पाव्हण्यारावळ्यांत हेच सांगत आले. खरं बोललो तर देवाला फसवणारा, गप्प बसलो तर आळशी. मी आळशी राहिलो. त्यात फार कष्ट पडले नाहीत.

गेल्या महिन्यात पुण्याहून तेजस्विनी नावाची मुलगी जुनी चित्रं तपासायला आली. तिनं छोटा मायक्रोस्कोप फळीवर टेकवला आणि लॅपटॉपवर मामांना भेगा मोठ्या करून दाखवल्या. खांद्यावरच्या भेगा पार लाकडापर्यंत गेलेल्या, कडा उचललेल्या, आत भंडारा बसलेला. मग ती चेहऱ्यावर आली आणि मी हळूच दाराकडं सरकलो.

"आजोबा, ह्या भेगा नाहीत. रंगावर काढलेल्या रेघा आहेत. ब्रशचा केससुद्धा चिकटलाय बघा. कुणीतरी खूप मेहनत घेतलीय."

मामा माझ्याकडं वळले. सगळ्या भावकीत ब्रश धरणारा मी एकटा.

"मीच रंगवला, मामा," मी म्हणालो. "तुमी चिडाल म्हणून भेगा काढल्या." आता काठी बसणार म्हणून मी मान खाली घातली.

मामा मटकन खाली बसले. ऐंशी उलटलेला माणूस. "म्हंजी तू काम केलं व्हतंस?" ते म्हणाले. "आन् मी सोयऱ्याधायऱ्यांत तुझी अब्रू घालवत बसलो." त्यांनी माझ्यापुढं हात जोडले.

शिव्यांची, काठीची, देवाच्या कोपाचीसुद्धा मी तयारी ठेवली होती. ह्याची नव्हती. मला रडू फुटलं. मी त्यांचे हात धरून खाली केले आणि म्हणालो, "असं करू नका, मामा. आळशी तर मी हायेच."